मेडशीच्या तारेवरचा नीलपंख

अकोल्याहून वाशिमकडे निघाले की पातूर मागे पडते आणि रस्ता चढू लागतो. वऱ्हाडाचे जुने दोन भाग इथे एकमेकांना भिडतात, खालचा पायनघाट आणि वरचा बालाघाट. अकोला समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या आत, तर वाशिम साडेपाचशेच्या घरात. ही चढण संपता संपता मालेगाव तालुक्यातले मेडशी लागते. एका अंगाला सागाचे जंगल, त्याला चिकटून सोयाबीन-तुरीची वावरे, मध्ये मध्ये ई-क्लासची, म्हणजे सरकारी, गवताळ पडीक जमीन. बसच्या खिडकीतून पाहणाऱ्याला इथे थांबण्यासारखे काही दिसत नाही.

पण हिवाळ्यातल्या एखाद्या सकाळी गाडी हळू करून रस्त्याकडेच्या विजेच्या तारेवर नजर टाका. मैनेहून थोराड, मोठ्या डोक्याचा, मातकट रंगाचा एक पक्षी मान आखडून बसलेला सापडेल. पाच मिनिटे तो हलणार नाही. मग अचानक खालच्या गवतात झेप घेईल, आणि पंख उघडताच आकाशी व गडद निळ्या रंगाचे असे पट्टे झळकतील की हाच का तो मघाचा पक्षी, असा प्रश्न पडावा. हा नीलपंख. कुणी त्याला नीलकंठ म्हणते, कुणी चास, कुणी तास. विदर्भात दसऱ्याला त्याचे दर्शन शुभ मानतात. हाच रस्ता पुढे नांदेडवरून तेलंगणात उतरतो, आणि तिथे तर तो राज्यपक्षी आहे.

पक्ष्यांची आणि निसर्गदृश्यांची छायाचित्रे काढण्याचा छंद ज्यांना लावून घ्यायचा आहे, त्यांनी भिगवण किंवा ताडोबाचा बेत आखण्याआधी या तारेखाली उभे राहावे. या छंदाचे जवळजवळ सगळे धडे हा एक पक्षी शिकवतो.

निळा रंग येतो कुठून?

नीलपंखाच्या पिसात निळा रंगच नसतो. हळदीत पिवळा रंग असतो तसे निळे रंगद्रव्य त्याच्या पंखात नाही. पिसाच्या तंतूंमध्ये अतिसूक्ष्म पोकळ्यांची जाळी असते. तिच्यावर पडलेल्या उजेडातला निळा भाग तेवढा परत फेकला जातो, आणि खालच्या काळसर थरात बाकीचा उजेड मुरतो. १९३०च्या दशकात सर सी. व्ही. रामन यांनी पक्ष्यांच्या रंगांवर निबंध लिहिला, तेव्हा अभ्यासाला घेतलेली पिसे याच पक्ष्याची होती. असे पीस आरपार उजेडात धरले तर निळे न दिसता तपकिरी दिसते, आणि कुटून भुगा केला तर निळेपणा संपतो.

छायाचित्रकाराच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. सूर्य पक्ष्याच्या मागे असेल तर लाखाचा कॅमेराही तपकिरी ठिपकाच टिपणार. म्हणून या छंदातला पहिला नियम असा की आपली सावली पक्ष्याच्या दिशेने पडली पाहिजे. मेडशीजवळ सकाळी तारेच्या पूर्वेला उभे राहा, संध्याकाळी पश्चिमेला. एवढे केले तरी निम्मे काम झाले.

लांबचे जवळ कसे येते?

मोबाइलने काढलेल्या फोटोत पक्षी म्हणजे एक ठिपका का येतो, याचे उत्तर साध्या त्रैराशिकात आहे. नीलपंखाची लांबी साधारण ३२ सेंटिमीटर. तो २० मीटरवर बसला आहे असे धरू. मोबाइलच्या मुख्य लेन्सची खरी नाभीय लांबी पाच-सहा मिलिमीटर. एवढ्या लेन्समधून त्याची प्रतिमा मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढी पडते, म्हणजे चौकटीच्या रुंदीचा जेमतेम शंभरावा भाग. हाच पक्षी ४०० मिलिमीटरच्या लेन्समधून पाहिला तर प्रतिमा साडेसहा मिलिमीटरची होते आणि मध्यम आकाराच्या सेन्सरवर चौकटीचा पाव हिस्सा व्यापते. मोबाइलवर बोटांनी चित्र ताणून मोठे केले तर ठिपकाच मोठा होतो, त्यातून पिसे उगवत नाहीत.

तरी लगेच मोठ्या लेन्सकडे धावू नये. पहिली खरेदी दुर्बिणीची असावी. ८ बाय ४२ची दुर्बीण हातात स्थिर राहते आणि पक्षी पाहायची सवय लावते. ज्याला पक्षी दिसतच नाही, त्याला फोटो कसा मिळणार? दुसरी पायरी म्हणजे भिंग न बदलता येणारा पण दूरवरचे खेचून आणणारा सुपरझूम कॅमेरा. हौशी मंडळींत निकॉनचे पी ९५० आणि पी १००० लोकप्रिय आहेत, ते याच जातीचे. पहिल्यात ८३ पट झूम आहे, दुसऱ्यात १२५ पट. उजेड भरपूर असेल तर यांवर ओळखण्याजोगे चित्र निश्चित मिळते. झाडीतल्या कमी उजेडात आणि उडत्या पक्ष्यामागे मात्र ते धापा टाकतात. त्यानंतर डीएसएलआर किंवा मिररलेस कॅमेरा, आणि त्याला १५० ते ६०० मिलिमीटरची झूम लेन्स.

लांब लेन्सची किंमत पैशांखेरीज आणखी एका गोष्टीत मोजावी लागते. तिच्यात स्पष्ट दिसणारी जागा फार अरुंद असते. ६०० मिलिमीटरच्या लेन्सने, एफ ६.३ छिद्रावर, १० मीटरवरच्या पक्ष्याचा फोटो घेतला तर मागेपुढे मिळून जेमतेम सात सेंटिमीटरचा पट्टा स्पष्ट येतो. चोचीवर नेम धरला की शेपूट धूसर होणार. म्हणून जाणती मंडळी नेम नेहमी डोळ्यावर धरतात. डोळा स्पष्ट असला की बाकीचे पाहणाऱ्याच्या नजरेला चालून जाते.

हाताचा थरकापही लेन्सबरोबर मोठा होतो. तिपाई सांभाळत वावरातून चालणे कठीण, तेव्हा जाडसर कापडाची पिशवी शिवून तिच्यात हरभरा किंवा तांदूळ भरावा. गाडीच्या खिडकीवर, विहिरीच्या काठावर, धुऱ्यावरच्या दगडावर ती ठेवली की लेन्स चपखल बसते.

झेप पकडायची तर

तारेवर बसलेल्या नीलपंखासाठी सेकंदाचा पाचशेवा भाग एवढा शटरचा वेग पुरतो. उडताना गणित बदलते. ताशी ३६ किलोमीटरने जाणारा पक्षी सेकंदाला १० मीटर सरकतो. शटर सेकंदाचा अडीचशेवा भाग उघडे राहिले तर तेवढ्यात तो चार सेंटिमीटर पुढे जातो आणि चित्रात फराटा उमटतो. दोन हजाराव्या भागात तो फक्त पाच मिलिमीटर सरकतो. पंखांची टोके याहून वेगाने हलतात, म्हणून झेपेसाठी दोन हजाराच्या खाली येऊ नये.

पण शटरपेक्षा स्वभावाची माहिती जास्त उपयोगी पडते. नीलपंख आणि वेडा राघू भक्ष्य पकडून पुष्कळदा निघाल्या जागीच परत येऊन बसतात. म्हणजे निघतानाची झेप हुकली तरी हरकत नाही. कॅमेरा त्याच जागेवर रोखून ठेवावा आणि परतीची वाट पाहावी. पक्ष्याच्या मागे धावणाऱ्याला त्याची शेपूटच मिळते. वाट पाहणाऱ्याकडे तो तोंड करून येतो.

काळी माती, पांढरा बगळा

नांगरणी चाललेल्या वावरात ट्रॅक्टरमागे गायबगळ्यांची रांग लागलेली असते. नवशिक्या फोटो काढतो आणि घरी येऊन पाहतो तर बगळ्याच्या जागी पांढरा डाग, एक पीस दिसत नाही. दोष कॅमेऱ्याच्या समजुतीत आहे. समोरचे सगळे मिळून मध्यम करड्या रंगाचे असणार, असे कॅमेऱ्याचा प्रकाशमापक गृहीत धरतो. वऱ्हाडची काळी कापसाची माती पाहून त्याला वाटते की उजेड कमी आहे, आणि तो चित्र उजळून टाकतो. माती करडी होते, बगळा जळतो. अशा वेळी प्रकाश पाऊण ते एक टप्पा उणे करावा.

उलट प्रसंग कोतवालाचा. काळाभोर पक्षी, मागे लख्ख आकाश. इथे कॅमेरा दिपतो आणि कोतवालाचा कोळसा करतो. तेव्हा एक टप्पा अधिक. प्रकाश उणे-अधिक करणारी ही एक कळ वापरता आली की महागड्या सामानाची निम्मी गरज उरत नाही.

विदर्भात आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे तापलेली हवा. मार्चनंतर सकाळी नऊ-साडेनऊला डांबरी रस्त्यावर आणि ढेकळांवर हवेच्या लाटा दिसू लागतात. गरम आणि थंड हवेचे थर प्रकाशाला वेडावाकडा वळवतात, आणि लांब लेन्समध्ये ते मोठे होऊन दिसते. मग लोक लेन्सला दोष देतात. उपाय एकच, उजाडताना पोहोचावे आणि ऊन चढायच्या आत घरी परतावे.

पळसाला पाने तीन, पाहुणे कितीतरी

कुठेही गेले तरी पळसाला पाने तीनच, असे आपण म्हणतो. या छंदात ती म्हण शब्दशः खरी करून घ्यावी. फेब्रुवारी-मार्चमध्ये सागाची पाने झडलेली असतात, टेकड्या उघड्या पडतात आणि धुऱ्यावरचा पळस पेटतो. त्याच्या फुलाची पाकळी पोपटाच्या चोचीसारखी बाकदार. संस्कृतातले त्याचे किंशुक हे नाव म्हणजे 'हा पोपट की काय?' असा प्रश्नच आहे. या फुलाला वास नाही, कारण ज्यांना बोलवायचे ते पक्षी वासावर येत नाहीत. ते रंगावर आणि आतल्या मधावर येतात.

एका पळसासमोर, झाडापासून पंधरा-वीस मीटरवर, झुडपाच्या आडोशाने तासभर बसून पाहा. आधी बुलबुल आणि मैना येतात. शिंजीर येतो तो फुलाच्या देठाशी लटकून. कोतवाल मधाला येतो आणि मधाला आलेले किडेही टिपतो. मग गलका करत पळसमैनांचा थवा उतरतो. गुलाबी अंग, काळे डोके, काळे पंख. यांना भोरडीही म्हणतात. मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशात वीण उरकून त्या हिवाळा काढायला आपल्याकडे येतात आणि पळसाचा बहर ओसरला की परतीच्या वाटेला लागतात. खार तर दिवसभर असतेच. फुलात तोंड घालणाऱ्या प्रत्येकाच्या कपाळावर पिवळे पराग लागलेले दिसतात. हा टिळा चित्रात पकडता आला तर फोटो केवळ सुंदर राहत नाही, पळसाचे परागीभवन कोण करते हे तो सांगू लागतो.

एवढे करताना पळसाची आड येणारी फांदी मोडायची नाही. आपणच दोन पावले सरकायचे.

डोंगर उन्हात नव्हे, सावलीत दिसतो

निसर्गदृश्यासाठी मात्र मोबाइल पुष्कळ काम देतो. इथे अडचण जवळ आणण्याची नसते, उजेड ओळखण्याची असते. मेडशीभोवतालच्या टेकड्या दख्खनच्या लाव्हाच्या आहेत, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या. लाव्हाचे थर एकावर एक साचले आणि झिजताना पायऱ्या पडल्या. भूशास्त्रात या खडकाला ट्रॅप म्हणतात, तो शब्दच पायरीसाठीच्या स्वीडिश शब्दावरून आला. दुपारी बाराला सूर्य डोक्यावर असतो तेव्हा या पायऱ्या पुसल्या जातात आणि टेकडी सपाट ढिगासारखी दिसते. सकाळच्या तिरप्या उन्हात प्रत्येक पायरीखाली सावलीची रेघ उमटते, आणि डोंगराची घडण दिसू लागते. म्हणजे पक्ष्यासाठी सूर्य पाठीशी हवा, डोंगरासाठी तो बाजूला हवा.

सकाळ-संध्याकाळचा सोनेरी रंगही काही जादू नाही. क्षितिजावरच्या सूर्याचा उजेड डोक्यावरच्या सूर्याच्या मानाने तीस-चाळीस पट जास्त हवेतून येतो. वाटेत निळा भाग विखुरतो, तांबूस उरतो. पाऊस नुकताच थांबलेला असेल तर हवेतली धूळ खाली बसलेली असते आणि दूरची टेकडीही कोरीव दिसते. म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने हातचे घालवू नयेत. कॅमेरा असेल तर तिपाई, आयएसओ १००, छिद्र एफ ८ ते एफ ११, एवढे पुरे.

आणि दृश्यात काय आहे हे माहीत असावे. वाशिमचे पठार पाणी वाटून देते. काटेपूर्णा इथून उत्तरेला वाहत पूर्णेला, पुढे तापीला मिळून अरबी समुद्राला जाते. पैनगंगा आग्नेयेकडे निघून वर्धेमार्गे गोदावरीच्या खोऱ्यात, म्हणजे बंगालच्या उपसागराला. हे ठाऊक असणारा नुसते हिरवे डोंगर टिपत नाही, पाण्याची वाट चौकटीत घेतो.

बारा महिने एकाच वळणावर उभे राहून एकच चौकट घ्या. जूनमध्ये पहिल्या सरीबरोबर आफ्रिकेहून आलेला चातक. भाद्रपदात अळीने खाऊन जाळी झालेली सागाची पाने. हिवाळ्यात गवतावर उतरणारे धुके. उन्हाळ्यात उघडा खडक. बारा चित्रे शेजारी ठेवली की लक्षात येते, आपण गावाजवळचे जंगल पहिल्यांदा पाहिले.

टिटवीच्या बाजूने

आता जरा कठोर बोलायला हवे. ई-क्लासच्या जमिनीवर उन्हाळ्यात टिटवी अंडी घालते. घरटे म्हणजे उथळ खळगा, भोवती खडे नाहीतर बकरीच्या लेंड्या. चार अंडी, निमुळती टोके आत केलेली, रंग मातीचाच. ती उंचवट्यावर दिसली की पाऊस जोराचा, असा ठोकताळा शेतकरी बांधतात. टिटवी अंड्यांवर बसते ती ऊब देण्यासाठी, पण वैशाखात सावली देण्यासाठीही. पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणते आणि अंडी गार करते. अशा वेळी कुणी छानसा फोटो मिळावा म्हणून वीस मिनिटे तिथे ठाण मांडले, तर ती डोक्यावर घिरट्या घालत ओरडत राहते, आणि अंड्यातला जीव उन्हात शिजतो. फोटो चांगला येतो, पिल्ले येत नाहीत.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना व घरट्यांना त्रास देणे घातले आहे. बंदूक लागत नाही, कॅमेराही पुरतो. छायाचित्रांच्या अनेक स्पर्धांनी घरट्यावरची चित्रे स्वीकारणे बंद केले, तेही याच कारणाने. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावणे हाही छळच. आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला असे समजून तो खाणेपिणे सोडून लढायला येतो. नियम सोपा ठेवावा. पक्षी आपले काम सोडून आपल्याकडे पाहू लागला, म्हणजे आपण गरजेपेक्षा जवळ आलो.

मेडशी हे वनपरिक्षेत्राचे ठिकाण आहे. राखीव जंगलात शिरायचे तर आधी वनकर्मचाऱ्यांना विचारावे. जवळच्या काटेपूर्णा अभयारण्यात छायाचित्रणासाठी परवानगी लागते, तशी तरतूद कायद्यातच आहे, आणि परवानगीशिवाय ड्रोन तर उडवूच नये. या पट्ट्यात बिबट्या आणि अस्वल आहेत. मोह गळायच्या दिवसांत पहाटे झाडाखाली एकटे जाऊ नये. वावरात शिरताना मालकाला विचारणे हा कायद्याचा नाही, रीतीचा भाग आहे. बहुतेक वेळा तोच सांगतो की पिंगळा कुठल्या चिंचेच्या ढोलीत राहतो.

फोटोच्या मागची तारीख

रानपिंगळ्याची गोष्ट महाराष्ट्राने विसरू नये. १८७३ साली शास्त्राला ठाऊक झालेला हा छोटा घुबडवर्गीय पक्षी १८८४ मध्ये खानदेशात शहाद्याकडे शेवटचा मिळाला आणि मग हरवला. मधल्या काळात १९१४चा म्हणून दाखवलेला एक नमुना होता. तो संग्रहालयातून चोरून, खोटी चिठ्ठी लावलेला निघाला. खोट्या चिठ्ठीने अभ्यासकांना कित्येक वर्षे चुकीच्या जागी शोधायला लावले. शेवटी नोव्हेंबर १९९७ मध्ये पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या साथीदारांना तो शहाद्याजवळच सापडला, ११३ वर्षांनी, आणि या वेळी त्याची छायाचित्रे घेतली गेली. पुढे तो आपल्या मेळघाटातही आढळला. यातून घ्यायचे ते एवढेच की नोंद खरी असेल तर तिचे मोल असते, आणि नोंद म्हणजे जागा आणि तारीख.

आज हे काम कुणालाही करता येते. ई-बर्ड या जगभर चालणाऱ्या नोंदवहीत आपली यादी आणि फोटो विनामूल्य टाकता येतात. अशाच सुमारे ३० हजार पक्षीनिरीक्षकांच्या तीन कोटी नोंदींवरून भारतातल्या ९४२ जातींची स्थिती सांगणारा अहवाल २०२३ मध्ये निघाला. त्यात १७८ जाती अतिचिंतेच्या ठरल्या. वनखात्यातल्या नोकरीत रानात फिरून नोंदी ठेवणारे आणि त्यातून मराठीला 'पक्षिकोश' देणारे मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर, सलीम अली यांचा १२ नोव्हेंबर. या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्र शासनाने २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून ठरवला आहे. सुरुवातीला मुहूर्त हवाच असेल तर हा चांगला.

त्या २०२३च्या अहवालात आपला तारेवरचा नीलपंखही आहे. गावोगावी दिसतो म्हणून ज्याची कुणी फिकीर केली नाही, त्याची संख्या घसरत असल्याचे नोंदींनी दाखवले, आणि जागतिक लाल यादीत त्याचे पुन्हा मूल्यमापन व्हावे अशी शिफारस करावी लागली. दुर्मीळ पक्ष्यामागे धावणारे खूप आहेत. रोजचा पक्षी कमी होतो आहे हे ज्यांनी रोजचीच नोंद ठेवली त्यांच्यामुळे कळते.

तेव्हा पुढच्या खेपेला मेडशीवरून जाताना गाडी रस्त्याच्या पूर्ण बाहेर घ्या, सूर्य पाठीशी ठेवा, आणि तारेवरच्या नीलपंखाचा एक फोटो काढा. तो थोडा धूसर आला तरी चालेल. त्याखाली गाव आणि तारीख मात्र लिहा.